न्याहारीपर्यंतचं पाणी

गोजरबाईला हळू बोलणं कधी जमलंच नाही. विहिरीवरून तिनं नवऱ्याला हाक मारली की पलीकडच्या शिवारातले दोन-चार जण तरी "काय वं?" म्हणून वळून बघायचे. माहेर राजूरकडच्या डोंगरात. तिथं एका वाडीवरून दुसऱ्या वाडीला सांगावा धाडायचा तर तो ओरडूनच. तो गळा घेऊन ती पुणतांब्याच्या सपाट रानात नांदायला आली, आणि कुणी गळा आवरायला सांगितलं की आणखी वर चढायची. आता अशा बाईच्या वाट्याला काय यावं? तर थोरल्या दिरासमोर तोंड उघडायचं नाही, ही सासरची रीत.

रीत कडक होती. थोरला दीर दिसला की पदर डोक्यावर, नजर खाली आणि शब्द तोंडातल्या तोंडात. काही सांगायचंच असलं तर सासूमार्फत नाहीतर नवऱ्यामार्फत. पुढं सासू वारली, दोघा भावांच्या वाटण्या झाल्या, दोन चुली झाल्या. राहिला नवरा. कानिफनाथ हा देवमाणूस खरा, पण निरोप घेऊन निघाला की वाटेतच निम्मा गिळायचा. मग गोजरबाईनं आपली वाट काढली. थोरला दीर उत्तमराव ऐकू येईल एवढ्या अंतरावर असला की ती बैलाशी बोलायची.

"पाखऱ्या," ती बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "मोठ्या मालकाला सांग बाबा, बांध कोरायचा बंद करा म्हनावं. आमची जमीन काय चकली हाय व्हय, रोज एक तुकडा मोडायला?"

उत्तमरावही काही कमी नव्हता. तो पलीकडून त्याच बैलाला उत्तर द्यायचा, "पाखऱ्या, धाकटीला म्हनावं, डोंगरातल्या मानसाला सरळ बांध कसा दिसायचा?" बैल दोघांच्या मध्ये रवंथ करत उभा. त्या शिवारात सगळ्यात जास्त बोलणी खाल्लेला बैल तोच असेल.

या सगळ्या बोलण्याच्या मुळाशी होती एक विहीर. पुणतांब्याच्या खालच्या अंगाला पाटाचं पाणी फिरलेलं, तिथले लोक मिशीला पीळ देऊन ऊस लावायचे. या भावांचं रान वरच्या अंगाला, पाट तिथवर येत नव्हता, पण उसाची हौस मात्र येऊन पोचली होती. वाटण्यांत रान मधोमध कापलं गेलं, विहीर कशी कापणार? ती सामाईक राहिली, तिच्यावरचं डिझेल इंजिनही सामाईक. चार दिवस थोरल्याची बारी, चार दिवस धाकट्याची.

आणि या बारीचा एक कायदा होता. आलेली बारी सोडायची नाही. रान ओलं असो, आभाळ गच्च भरून आलेलं असो, पिकाला पाणी हवं असो वा नसो, बारी आली की इंजिन सुरू. एकदा का "आज राहू द्या" म्हटलं की समोरचा ते मनात धरून ठेवणार आणि पुढच्या वर्षी चारचौघांत विचारणार, तुम्हाला पाणी लागतंय कुठं? बारी सोडणं म्हणजे जमीन सोडण्यासारखंच. या एका भीतीपायी त्या शिवारात किती कांदा सडला आणि किती मिरची बुडाली, ते सांगायला नको. शहाणीसुरती माणसं स्वतःच्या हातानं स्वतःचं पीक बुडवायची आणि वर समाधानानं तंबाखू मळायची.

गोजरबाईच्या डोक्यात टमाटे शिरले ते एकाहत्तर साली. राहात्याच्या बाजारात तिनं एक बाई पाटी पुढ्यात घेऊन बसलेली पाहिली. लालभडक टमाटे, आणि ती बाई गिऱ्हाइकाशी अशी ताठ मानेनं बोलत होती की गोजरबाई बाजार करायचं विसरून तिच्याकडेच बघत राहिली. ऊस वर्षातून एकदा जातो, कारखान्याची पावती पुरुषाच्या खिशात येते, आणि वर्षभर खुरपलेल्या बाईला त्या पावतीचा रंगही ठाऊक नसतो. टमाटा मात्र दर चार दिवसांनी तोडायचा, आपण डोक्यावर घ्यायचा, आपण विकायचा. आणि विकताना ओरडायचं! गोजरबाईला तर हे पीक आपल्यासाठीच देवानं काढलंय असं वाटलं.

दसऱ्याच्या सुमारास तिनं विहिरीकडची पट्टी टमाट्याला घेतली. टमाटे लावले, पण डोकं उसाचंच ठेवलं. बारी आली की सऱ्या काठोकाठ भरायच्या आणि वरून पुन्हा भरायच्या, कारण बारी सोडायची नाही. उसाला ओंजळीनं सल्फेट घालतात तर याला निदान मूठ तरी, म्हणून झाडाच्या बुडाशी पांढऱ्या खताची मूठ. झाडं अशी फोफावली की काय सांगावं. हिरवीगार, काळपट झाक मारणारी, कमरेला लागणारी. वाटेनं जाणाऱ्या माणसाला गोजरबाई थांबवून दाखवायची. न थांबणाऱ्याला हाक मारून थांबवायची.

मग फुलं आली आणि गळाली. पुन्हा आली, पुन्हा गळाली. जी थोडी फळं धरली ती त्या पाल्यात हुडकावी लागायची, आणि सापडली तरी कामाची नसायची. चार दिवस तुडुंब पाणी, चार दिवस कोरडं, पुन्हा तुडुंब, अशा हिसक्यांनी फळं टराटरा तडकली होती. काहींची बुडं काळी पडली होती.

उत्तमराव बांधावर आला, त्यानं सगळं डोळे भरून पाहिलं आणि बैलाकडे वळला. "पाखऱ्या, तुझी चंगळ हाय लेका. धाकटीनं यंदा तुज्यासाठी टमाट्याचा घास केला बघ, नुसता हिरवा चारा."

हे बोलणं गावभर झालं. पोरीबाळीसुद्धा विचारायला लागल्या, "काकी, घास कापायला आला का?" गोजरबाई रडली. मोठ्यानंच रडली, तिला दुसरं येत नव्हतं. मग नाक पुसून उठली आणि झाडं उपटायला गेली.

उपटत उपटत ती पट्टीच्या पार टोकाला आली आणि थांबली. बांधाकडच्या शेवटच्या दोन सऱ्यांत पाणी कधी धड पोचलंच नव्हतं. पाण्याचा दांड घुशींनी पोखरला होता, त्यातून झिरपून जेवढं जाईल तेवढंच. खताची पाटीही तिथवर येईपर्यंत रिकामी व्हायची. तिथली झाडं जेमतेम गुडघ्याएवढी, पानं फिकट, आणि त्या बुटक्या झाडांना टमाटे लगडलेले. बाजारात जे चार टमाटे तिनं नेले होते ते सगळे इथलेच होते. तोडताना हात चालला होता, डोकं चाललं नव्हतं.

ती बांधावर बसून राहिली. तिला आईची मिरची आठवली. राजूरकडे घरामागं खडकातून एक झिरा यायचा. दिवसभरात दोन घागरी पाणी, जास्त मागितलं तरी देणार नाही. आई रोज सकाळी त्यातलं थोडं थोडं मिरचीच्या बुडाला द्यायची आणि मिरची अशी धरायची की फांद्या वाकायच्या. तिथं पाणी थोडं, म्हणून रोज मोजून द्यायचे. इथं विहीर भरलेली, म्हणून चार दिवस बुडवायचे आणि चार दिवस वाळवायचे. गोजरबाईनं स्वतःच्या कपाळावर हात मारला, तोही आवाज होईल असा.

खताचं ग्रामसेवकांनी सांगितलं. शेणखत आणि सुपर फॉस्फेट आधी मातीत मिसळा, सल्फेट अगदी थोडं, रोप रुजल्यावर निम्मं आणि फळ धरल्यावर निम्मं, तेही बुडाला नको, वीतभर लांब, आणि वरून हलकं पाणी. हेच सगळं त्यांनी लागवडीआधीही सांगितलं होतं. पण तेव्हा गोजरबाई स्वतःच बोलत होती, त्यामुळे ऐकायचं राहून गेलं.

आता खत हातात होतं. पाणी हातात नव्हतं. रोज थोडं पाणी द्यायचं तर चार-चार दिवसांच्या बारीत ते बसणार कसं? गुढीपाडवा जवळ आला तशी तिनं एक सकाळ धरून नवऱ्याला सांगितलं, "आपली चार दिसांची बारी भावजींना देऊन टाका. बदल्यात रोज सकाळी, दिस उगवल्यापून न्याहारीपत्तोर इंजिन आपलं."

कानिफनाथाच्या हातातला घास हातातच राहिला. "आगं, बारी सोडती? बापानं खांदलेली हीर हाय ती."

"सोडत न्हाई. बदलती."

"चार दिसांच्या बदल्यात घोटभर पानी! लोक शेन घालतील तोंडात."

"घालू द्या. शेन चांगलं खत हाय."

कानिफनाथ भावाकडे गेला आणि सवयीप्रमाणं निम्मा निरोप गिळला. "दादा, ती बारी सोडायची म्हनतीय," एवढंच बोलला. उत्तमराव पायात वहाणा न घालता धावत आला.

पाडव्याला मारुतीच्या देवळात बैठक बसली. देवळाची पूजाअर्चा बघणारे सहादूबाबा मध्ये, दोघं भाऊ समोरासमोर, भावकीतले चार लोक, आणि खांबाआड गोजरबाई. तिच्या शेजारी तिची जाऊ छबूबाई, उत्तमरावाची बायको. रीत पाळायची म्हणून गोजरबाई जावेच्या कानात सांगायची आणि जावेनं ते मोठ्यानं म्हणायचं असं ठरलं. पण गोजरबाईचं कानातलं बोलणं पारावर बसलेल्या माणसांनाही ऐकू जात होतं. छबूबाईला नुसतं "व्हय, आसंच" म्हणायचं काम उरलं.

उत्तमरावाला वाटलं, घरबसल्या लॉटरी लागली. पण तो पक्का माणूस. "वर्साचं न्हाई," तो म्हणाला, "कायमचं. बारी दिली ती दिली. पुना मागायची न्हाई. बेलभंडार उचला."

देवळात चुळबुळ झाली. बेल आणि भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द म्हणजे शेवटचा शब्द. तो मोडणाऱ्याच्या घरी कुणी पाणी प्यायला जात नसे. कानिफनाथानं खांबाकडे पाहिलं. आता गोजरबाईला माघार घेता आली असती आणि कुणी काही म्हटलं नसतं. चुकलं तर त्यांच्या घराची निम्मी विहीर गेली ती गेलीच, पोरांच्या पिढीलाही घोटभर पाण्यावरच भागवावं लागणार होतं. ती घाबरली होती, हे तिनंच पुढं कितीदा सांगितलंय. पण खांबाआडून आवाज आला तो खणखणीत: "उचला म्हनावं."

सहादूबाबांनी दोघा भावांच्या हातावर बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा ठेवला. कानिफनाथाच्या हातून भंडारा सांडला. पुन्हा ठेवावा लागला. घरी गेल्यावर तो पुढचे कितीतरी दिवस बायकोशी एक शब्द बोलला नाही, आणि गोजरबाईला पहिल्यांदाच घरात शांतता म्हणजे काय ते कळलं. तिला ती अजिबात आवडली नाही.

वैशाखात तिनं धनगराची मेंढरं पट्टीत बसवली. मेंढरांनी रान असं खतावलं की मातीचा वासच बदलला. मग तिनं दिराच्या उसाच्या पाचटावर डोळा ठेवला. उत्तमराव दरवर्षी ते वाळलेलं पान जाळून टाकायचा. "पाखऱ्या," ती म्हणाली, "मोठ्या मालकाला इचार, जाळायचंच हाय तर आमी नेऊ का?" उत्तमरावानं हसून बैलाला परवानगी दिली. त्याला वाटलं, बाई चुलीला नेतेय.

आणि मग बहात्तर साल आलं. त्या सालाविषयी ज्यांनी ते पाहिलं त्यांना काही सांगायला नको आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली, पोळ्याला बैलांना धुवायला पाणी नव्हतं. अर्धं गाव सरकारी कामावर खडी फोडायला गेलं, त्यात कानिफनाथही. घरोघर मिलोच्या, म्हणजे रेशनवर आलेल्या परदेशी जोंधळ्याच्या, तांबड्या भाकरी. पाखऱ्याला आणि त्याच्या जोडीदाराला गुरांच्या छावणीवर नेऊन बांधलं. गोजरबाई त्या दिवशी दावणीपाशी उभी राहून बैलाशी खूप वेळ बोलली आणि त्या वेळी निरोप कुणालाच द्यायचा नव्हता.

विहीर खाली गेली. रोज एकेक कपार उघडी पडत गेली. आणि तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नसलेली गोष्ट घडली. रात्रभरात झऱ्यांनी जेवढं पाणी दिलं तेवढंच सकाळी तळाला साठायचं. सूर्य उगवल्यावर पहिलं इंजिन लावील त्याला ते मिळायचं. न्याहारीनंतर दिवसभर इंजिन लावलं तरी थोड्याच वेळात नळी वारा ओढायला लागायची, मग चिखल. घोटभर पाणी म्हणून ज्याला गाव हसलं होतं, ते सकाळचं पाणीच तेवढं विहिरीत उरलं होतं. बाकीचा आख्खा दिवस उत्तमरावाचा होता, आणि त्या दिवसात काही नव्हतं.

हे गोजरबाईनं आधी ओळखलं होतं का? मुळीच नाही. दुष्काळ पडणार हे तिला कुठलं ठाऊक? तिला फक्त टमाट्याचं पाणी कळलं होतं. पण लोकांनी विचारलं की ती "मंग!" एवढंच म्हणायची आणि पदर सावरायची. तिनं ती फुशारकी मनसोक्त मारली, आणि का मारू नये?

गणपती उठल्यावर तिनं वाफ्यात रोपं टाकली, दसऱ्याला लागवड केली. सऱ्यांवर पाचट अंथरलं, पाटीमागून पाटी, रानाला गोधडी घातल्यासारखं. वर कितीही ऊन तापलं तरी खाली हात घातला की माती थंड लागायची. कडेनं तुरकाट्या रोवून झाडं बांधली. पाणी एका सरीला आज, तर शेजारच्या सरीला उद्या. सरी निम्मी भिजली की दारं मोडून पाणी पुढच्या सरीला. सल्फेट बाटलीच्या टोपणानं, बुडापासून वीतभर लांब, बोटानं खळी करून. उसाला ओंजळ घालणारी बाई टोपणभर खतासाठी वाकून वाकून चालायची, आणि वाटेवरून जाणाऱ्या बायका म्हणायच्या, "गोजरबाई, टमाट्याला मीठ घालती का काय?"

"व्हय," ती ओरडून सांगायची, "अळनी कोन खाईल?"

झाडं बेतशीर वाढली. मग फुलं आली, आणि या वेळी टिकली. मार्गशीर्ष लागला तेव्हा प्रत्येक घोसाला हिरवी फळं लटकत होती. त्या जळक्या शिवारात नजर टाकली की ती एवढी पट्टी तेवढी हिरवी दिसायची. शेजारीच उत्तमरावाचा ऊस करड्या रंगाचा उभा होता.

एके दिवशी सकाळी गोजरबाई रानाकडे निघाली तर इंजिनाचा आवाज लांबूनच कानावर आला. सूर्य नुकता वर आला होता. ही वेळ तिच्या पाण्याची. ती पळतच विहिरीवर पोचली. रात्रभराचं पाणी दांडातून उसाकडे चाललं होतं, आणि उत्तमराव तिच्याकडे पाठ करून बांधावर उभा होता.

आज पाणी गेलं म्हणजे आजचंच गेलं असं नव्हतं. आज गेलं की उद्याही जाणार, आणि फळ फुगायच्या वेळी दोन-चार दिवसांचा ताण बसला की मागच्या वर्षाचीच गत. वर्षभराचं सगळं त्या दांडातून वाहून चाललं होतं. गोजरबाईनं इंजिनाचा दांडा वर ओढला. इंजिन धापा टाकत थांबलं.

उत्तमराव वळला. गोजरबाईनं सवयीनं आजूबाजूला पाहिलं. बैल छावणीवर. नवरा खडीवर. छबूबाई घरी. बोलायला शिवारात दुसरं कुणी नव्हतं. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला, मान वर केली आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा थोरल्या दिराकडे सरळ पाहिलं.

"भावजी, बेलभंडार तुमीबी उचललाय."

उत्तमराव गडबडला. ओरडायला म्हणून त्यानं तोंड उघडलं, पण निघालं ते निराळंच. "ऊस जळतोय माजा, गोजरबाई. डोळ्यांदेखत जळतोय."

"जळत न्हाई. जळालाय," ती म्हणाली. "तुमी रोज बांधावरून बघता, म्हनून उभा दिसतोय. आत चला."

ती पुढं, तो मागं. उसात शिरून तिनं एक टिपरं धरलं आणि मोडलं. ते काटकीसारखं मोडलं. आत तांबडं, पोकळ, रसाचा थेंब नाही. पुढचं मोडलं, तसंच. सरीच्या मध्यावरचं मोडलं, तेही तसंच. उत्तमरावानं मग स्वतः दोन-चार मोडून पाहिली आणि सरीतच खाली बसला. किती दिवस तो मेलेल्या पिकाला पाणी पाजत होता, ते त्याचं त्यालाच कळलं.

खरं सांगायचं तर गोजरबाईला त्या क्षणी आनंद झाला. 'टमाट्याचा घास' तिच्या ओठांवर आला होता. पण धोतराच्या सोग्यात तोंड घालून बसलेला पुरुष तिनं त्या घरात आजवर पाहिला नव्हता. तिनं ओठ मिटले.

"उठा," ती म्हणाली. "माजं सकाळचं पानी सगळं लागत न्हाई मला. पाचटानं ओल टिकती, रोज थोडं उरतं. ह्यो हिरीकडचा कोपरा मोकळा करा. वाफ्यात माज्याकडं दुसऱ्या टायमाची रोपं हायेत, ती लावा. खत मी सांगन तेवढंच घालायचं आनि पानी मी सोडीन तेवढंच घ्यायचं."

"आनि बारी?"

"बारी माजी," गोजरबाई म्हणाली. "त्यातलं पानी देती. बारी न्हाई देत."

उत्तमरावानं सोग्यानं तोंड पुसलं. मग उठला, कुदळ आणायला गेला.

पौषात गोजरबाईचे टमाटे लाल व्हायला लागले ते थांबायचं नावच घेईनात. करंड्या भरून श्रीरामपूरला, राहात्याला, पुणतांब्याच्या स्टेशनावरून मनमाडला. सगळीकडे भाजीचा दुष्काळ, व्यापारी बांधावर येऊन बसायचे. पण पहिली पाटी तिनं कुणाला दिली नाही. ती डोक्यावर घेऊन स्वतः बाजारात गेली, पाटी पुढ्यात ठेवली, पदर खोचला आणि आरोळी ठोकली. आख्खा बाजार वळला. एवढ्या वर्षांत ज्या गळ्यासाठी बोलणी खाल्ली त्या गळ्याला पहिल्यांदा त्याचं काम मिळालं होतं. पाटी दुपारच्या आत रिकामी झाली. परतीच्या वाटेवर तिनं नवऱ्याला धोतरजोडी घेतली आणि छावणीवर वाकडी वाट करून पाखऱ्याला पेंड घालून आली.

त्र्याहत्तरचा पाडवा आला तेव्हा उत्तमरावाच्या कोपऱ्यातल्या झाडांनाही पहिला लाल टमाटा दिसायला लागला होता. त्यानं देवळात पुन्हा बैठक बोलावली. ही बातमी ऐकून कानिफनाथाची जेवणावरची वासना उडाली. "झालं," तो म्हणाला, "आता दादा सकाळचं पानी परत मागनार. त्यो थोरला. पंच त्याचंच ऐकत्याल." गोजरबाईलाही तेच वाटत होतं. शब्द तर बेलभंडाराचा होता, पण दुष्काळानं भल्याभल्यांचे शब्द खाल्ले होते. या वेळी ती खांबाआड गेली नाही. बायकांच्या पुढं, उजेडात बसली.

उत्तमराव उभा राहिला. सहादूबाबांना नमस्कार केला. 

"माज्या बापानं हीर खांदली," तो म्हणाला. "आमी दोघा भावांनी तिची भांडनं केली. पानी वापरायचं कसं ते आमाला कुनालाच कळलं न्हाई. चार दिस बुडवायचं आनि चार दिस वाळवायचं, त्यालाच आमी शेती म्हनत हुतो. माजं मागनं येवढंच हाय. माजी दिवसभराची बारीबी आजपून मोडा. सगळ्या हिरीचं पानी एका हातानं सोडलं जाऊ द्या." तो वळला. मध्ये ना बैल होता, ना भाऊ, ना बायको. चारचौघांत, देवासमोर, थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीकडे पाहून विचारलं, "गोजरबाई, सोडशील का?"

 कानिफनाथ रडायला लागला होता आणि ते लपवायचं त्याला सुचतही नव्हतं. गोजरबाईला वाटलं, आता आपण ओरडणार. आपण या घरात आलो तेव्हा आपल्याला तोंड नव्हतं, आणि आज आख्खी विहीर आपल्या हाती देताहेत. तिला फार अभिमान वाटला, आणि तो तिनं लपवला नाही.

"सोडीन," ती म्हणाली. "पन उद्या सकाळी तुमच्या कोपऱ्याला पानी न्हाई, भावजी. काल जास्ती झालंय. परवा देईन."

"परवा," उत्तमराव म्हणाला, आणि खाली बसला.